बाबांची जागा आणि काकांची चाल

१२ जून

प्रिय ठकी,

आज सकाळी दाढी करताना कानात अचानक तो जुना आवाज आला. खालचं सायकलवाल्याचं दुकान अजून उघडलं नव्हतं, रस्ता चिडीचूप होता, आणि एकदम वर्गभर पोरांचं 'बे एके बे' सुरू झालं. त्याच्याच अंगावर रेलून दुसऱ्या वर्गाची कविता. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांच्या पायात पाय घालत.

माझ्या पहिल्या शाळेचा तो आवाज. एकच लांबलचक खोली, मधे लाकडी फळ्यांचा पडदा, तोही वरून उघडा. पडद्यापलीकडे गणिताच्या बाई, अलीकडे मी. त्यांचे पाढे माझ्या कवितेत शिरायचे, माझी कविता त्यांच्या पाढ्यांत. एकदा बाईंनी एका पोराला "सात चोक?" विचारलं, तर तो ठणकावून म्हणाला, "डोंगरावरती!" बाईंनी पडद्यावरून डोकं काढलं. "गुरुजी, तुमचा डोंगर माझ्या पाढ्यात आलाय. घेऊन जा."

आठवत बसलो आणि गालावरचा साबण वाळून गेला. पुन्हा लावावा लागला.

हे आज का आठवलं, तर काल तुझ्या आईचं पत्र आलं. "भाऊजी, तुमच्या लाडकीनं बसमधून दहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे आणि मास्तरीण व्हायला निघाली आहे. आता तुम्हीच काय ते समजवा." पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. समजवायचं काय, तेच कळेना. मला तर जिना उतरून गल्लीला एक प्रदक्षिणा घालावीशी वाटत होती. शेवटी उतरलोच, आणि सायकलवाल्याला सांगितलं. तो पंक्चर काढता काढता थांबला. "कंडक्टरची पक्की नोकरी सोडून? पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी म्हटलं, "आता आलंय."

तुझे ड्रायव्हर बाबा गेले आणि त्यांच्या जागेवर तू कंडक्टर म्हणून लागलीस, तेव्हा तुझं जेमतेम मिसरूड फुटण्याचं वय होतं असं म्हटलं असतं, मुलगा असतीस तर. एवढीशी पोर, गळ्यात चामड्याची पिशवी. त्या दिवशी मी काही बोललो नाही. घर चालायचं होतं. पण ठकी, माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून तू ती डोंगराची कविता म्हणायचीस, तेव्हा तुझी मान अशी काही ताठ व्हायची, की मी मनात म्हणायचो, ही पोर एक दिवस फळ्याच्या या बाजूला उभी राहणार. आज मी माझ्या भावाला मनातल्या मनात सांगितलं, तुझी लेक माझ्या धंद्यात आली रे. तो नक्की म्हणाला असेल, "दादा, धंदा म्हणतोस त्याला? त्यात मिळतं काय?"

सगळं सविस्तर लिही. फळ्याचा रंग कोणता आहे तेही.

तुझा,
काका


८ जुलै

काका,

फळा हिरवा आहे. झालं समाधान?

तुमचं पत्र इथे अध्यापक विद्यालयात, वर्गात बसून वाचत होते. शेजारची मुलगी म्हणाली, "प्रेमपत्र आहे का हो मावशी?" म्हटलं, आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं. इथल्या साऱ्या मुली मला मावशी म्हणतात. पहिल्या दिवशी तर एकीनं मला शिपाई समजून खडू मागितला. मी आणून दिला, आणि मग तिच्याच शेजारी जाऊन बसले. बिचारी आठवडाभर तोंड लपवत होती.

पहिला सरावपाठ झाला. तुम्हाला सांगायलाच हवं, कारण आमचे वायरमन (म्हणजे हेच, माझा नवरा) अजून सांगून सांगून हसतात. मुलं मागे दाटीवाटीनं बसली होती, पुढचे बाक मोकळे. माझ्या तोंडून गेलं, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे, दारात कुणी थांबू नका!" सगळा वर्ग खो खो हसत पुढे सरकला. मागे निरीक्षक बाई बसल्या होत्या. उंच, ताठ, बोलायचं काम नाही. वहीत लिहिलं, "आवाज उत्तम. परंतु बाजारातला."

पैशाचं विचारू नका, असं लिहिणार होते, पण तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही फळ्याचा रंग विचारलात. तर ऐका. फीचा पहिला हप्ता माझ्या फंडातून काढला. दुसऱ्याची सोय नाही. प्रत्येक पाठाला तक्ते, पुठ्ठे, रंगीत कागद, चित्रं, सगळं पदरचं. एका पाठासाठी केलेलं दुसऱ्याला चालत नाही. वायरमन संध्याकाळची जास्तीची कामं घेतात आणि घरी येऊन माझ्या तक्त्यावर हत्ती काढतात. त्यांच्या हत्तीला दोन पिन आणि एक स्विच असल्यासारखं दिसतं. आमच्या छोटीचे बूट आखूड झाले होते, मी पुढून कापून चपला केल्या, म्हटलं नवी पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण तिच्या आईकडे कात्री मागत होती.

आणि आयुष्यात पहिल्यांदा बसचं तिकीट काढलं. कंडक्टर ओळखीचा. "राहू दे गं," म्हणाला. मी म्हटलं, "फाड. मी आता प्रवासी आहे."

आई बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही. फक्त एकदा म्हणाली, "बापानं मरून ठेवलेली जागा आहे ती. अशी कुणी सोडतं?" काका, याला मी काय उत्तर देऊ? रजाच घेतलीय, सोडलेली नाही, असं म्हणते. पण आम्हा दोघींनाही ठाऊक आहे मी कुठे निघालेय ते.

तुमची,
ठकी (सध्या बिनपगारी)


१९ जुलै

प्रिय ठकी,

बाजारातला आवाज! अगं, मला पहिल्या वर्षी साहेबांनी "आवाज देवळातला" असं लिहिलं होतं. म्हणजे आपल्या घराण्यात शाळेतला आवाज कुणालाच जन्मजात नाही. तो बाकांशी भांडून भांडून येतो.

पैशाचं विचारायला विसरलो हे खरं. मी कवितेच्या बाजूनं जगात शिरलो, हिशेबाचा दरवाजा मला नेहमी उशिरा दिसला. आमच्या वेळी नव्या शिक्षकाला पगार नव्हता, मानधन होतं. त्यातला मान रोज सकाळी मिळायचा. धन साहेबांच्या लहरीवर. तुझी काकू मशीनवर लोकांचे कपडे शिवायची म्हणून मी गुरुजी होऊ शकलो. वर्गात शिरताना मी स्वतःला मोठा शिक्षक समजायचो, आणि घरी आलो की दाराशीच मशीनची घरघर ऐकू यायची. ती घरघर माझी फी भरत होती. तुझ्या वायरमनला माझा नमस्कार सांग. हत्ती कसाही असो, माणूस सोन्याचा आहे.

सोबत थोडे पैसे ठेवले आहेत. परत पाठवलेस तर पुढचं पत्र मी संपूर्ण कवितेत लिहीन. ही धमकी समज.

आईच्या प्रश्नाचं नंतर बघू. तिच्याशी तू बोलत राहा, तिनं उत्तर दिलं नाही तरी. आमचे मागच्या बाकावरचे असेच असायचे. महिनोन्महिने गप्प, आणि एक दिवस साऱ्या वर्गाआधी हात वर.

काका


३ डिसेंबर

काका,

बरेच दिवस लिहिलं नाही, पाठांमागे पाठ होते. (पैसे ठेवून घेतले. कवितेतलं पत्र परवडलं नसतं.) पण आज जे झालं ते लगेच लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आता मला सलग सरावासाठी एक शाळा दिली आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वीचं गोदाम असावं अशी इमारत. खिडक्या इतक्या उंच की त्यातून फक्त आभाळ दिसतं. आज मराठीच्या तासाला वर्गाच्या बाईंनी सांगितलं, कविता घ्या. पुस्तक उघडते तो काय, आपली डोंगराची कविता! मी फळ्यावर लिहायला वळले, पहिली ओळ पुरी व्हायच्या आत मागून सगळी मुलं म्हणायला लागली. त्यांना येत होती. आणि चाल, काका, चाल तुमची!

"उंच उंच त्या डोंगरावरती एकटे..."

आणि थांबली. अख्खा वर्ग गप्प. एकाही पोराची चुळबुळ नाही. मग सगळ्यांनी एकदम,

"...झाड उभे!"

माझा खडू तसाच फळ्यावर टेकलेला. तुमच्या वर्गात आपण असंच थांबायचो. मला वाटायचं सगळं जग असंच थांबतं. पुढे छोटीला तिच्या शाळेत शिकवली तेव्हा कळलं, बाकी कुणी थांबत नाही, सरळ म्हणतात. ही तुमची खूण आहे. मी मुलांना विचारलं, "मधेच का थांबलात?" तर म्हणतात कशी, "बाई, इथे थांबायचंच असतं."

वर्गाच्या बाईंना विचारलं, चाल कुठली? म्हणाल्या, "मला माझ्या बाईंनी शिकवली. त्यांना कुणी, देव जाणे. छान आहे, म्हणून मी बदलली नाही." त्यांचं माहेरचं गाव आपल्या गावापासून किती लांब! मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांनी हातातली छडी खाली ठेवली. म्हणाल्या, "म्हणजे ती चाल बसवणारा माणूस खरोखर आहे?"

आहे म्हटलं. दाढीचा साबण वाळेपर्यंत आठवत बसतो.

ठकी


११ डिसेंबर

ठकी, माझ्या बाई,

तुझं पत्र खिशात घालून मी फिरतो आहे. सायकलवाल्याला वाचून दाखवलं. दूधवाल्याला वाचून दाखवलं. दवाखान्यात रक्तदाब मोजायला गेलो, तिथल्या बाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "आजोबा, आधी मोजू दे, मग वाचा. वाचून झाल्यावर वाढेल."

आता तुला त्या थांबण्याचं गुपित सांगतो. त्यात काही कला नाही. पडद्यापलीकडे गणिताच्या बाईंचा वर्ग ज्या चालीवर पाढे म्हणायचा, त्यात 'बे दाहे वीस' अशा काही गर्जनेनं व्हायचं की आमचं काहीच ऐकू यायचं नाही. आमची कविता नेमकी तेव्हा 'एकटे'वर पोचलेली असायची. मग मी हात वर करायचो, सगळे थांबायचे, पलीकडचा 'वीस' होऊन जायचा, आणि मग आम्ही 'झाड उभे'. रोजचंच झालं. पुढे शाळेला नवी इमारत मिळाली, पडदा गेला, तरी थांबायची सवय तशीच राहिली. पोरं मोठी झाली, त्यातल्या कुणी शिक्षक झालं असेल, बदलून गेलं असेल. आणि ते थांबणं इतक्या लांब फिरून तुझ्या गोदामात बसलं!

गणिताच्या बाई आता नाहीत. त्यांना हे सांगायला हवं होतं. म्हणाल्या असत्या, "पाहिलंत गुरुजी, माझा 'वीस' तुमच्या कवितेत अजून आहे. दिसत नाही एवढंच."

आज मी फार मोठा माणूस आहे. पुढचं लवकर लिही.

काका


२६ फेब्रुवारी

काका,

उशीर झाला, रागावू नका. छोटीला ताप होता, तो उतरला. वायरमनच्या हाताला शॉक बसला, थोडक्यात निभावलं. हसतात, म्हणतात, "आता माझा हत्ती चालू होईल."

पाठ बरे चालले आहेत. एकात गुण कमी पडले. निरीक्षक बाई म्हणाल्या, चालीपेक्षा अर्थाकडे लक्ष द्या. एवढंच. तुम्ही त्याचा विचार करू नका.

आगारातून पत्र आलंय. एक एप्रिलला हजर व्हा, नाहीतर त्याआधी राजीनामा द्या. वाढीव रजा नाही. माझा शेवटचा पाठ मार्चच्या अखेरीला आहे, आणि निकाल मे महिन्यात. म्हणजे पास झाले की नापास हे कळायच्या आत मला बाबांची जागा सोडायची किंवा धरायची. पास झाले तरी जागा मिळेलच असं नाही. आई आता बोलते, पण एकच वाक्य. "परत जा."

वायरमन म्हणतात, तू ठरव, मी आहे. काका, कुणी तरी मला सरळ सांगावं असं वाटतं. तुम्ही सांगा.

ठकी


६ मार्च

प्रिय ठकी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुझ्या आईचंही आलं. तू माझ्यापासून जे लपवलंस ते तिनं एका ओळीत लिहिलं. "तुमच्या त्या चालीपायी पोरीचे गुण गेले." बाईंनी शेऱ्यात लिहिलं म्हणे, "ओळ मधेच तोडून रसभंग. शिक्षिकेने चूक दुरुस्त करण्याऐवजी जोपासली."

वाचल्यावर गरम झालो. "या बाईंना कविता म्हणजे काय ठाऊक आहे का," असं दोन पानी पत्र त्यांच्या नावे लिहिलं, आणि फाडलं. कारण ठकी, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ती खरोखर चूकच आहे. कवीनं तिथे थांबा दिलेला नाही. फळ्यांच्या पडद्यापायी माझ्याकडून झालेली ती ओढाताण आहे. आणि ती गोड वाटते म्हणून तू तुझं वर्ष त्यावर लावावंस, हे मला चालणार नाही. तेव्हा ऐक. शेवटच्या पाठाला मुलांना सरळ म्हणायला लाव. न थांबता. ही चाल माझी आहे ना? मग तिचा मालक सांगतो आहे, सोडून दे.

आता दुसरं. तू म्हणतेस सरळ सांगा. तुला शिकवता येईल का, हे मी सांगू शकतो. येईल. वर्ग पुढे सरकवता येणं हे अर्धं काम आहे, आणि ते तू पहिल्याच दिवशी केलंस. परवडेल का, हे मला सांगता येत नाही. मला स्वतःला परवडलं नव्हतं, तुझ्या काकूला परवडलं. एवढं मात्र सांगतो. माझ्या भावानं ती जागा तुझ्यासाठी ठेवली नव्हती. तो बस चालवत होता, कारण त्याला बस चालवायला आवडायचं. वळणावर गाडी घालताना तो शीळ घालायचा. तुला बसमध्ये शीळ घालावीशी वाटते का, ते तू बघ. मी सांगणार नाही. मी नुसता तुझ्या बाजूला उभा आहे.

काका


२ एप्रिल

काका,

सगळं एकदम लिहिते, मधे मधे थांबू नका.

तुमचा हुकूम मी पाळला. पाठाच्या आदल्या दिवशी वर्गाला सांगितलं, "उद्या ती कविता सरळ म्हणायची. 'एकटे झाड उभे.' मधे थांबायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून बघितलं, छान जमलं. मला कसंसंच झालं, पण जमलं.

पाठाच्या दिवशी निरीक्षक बाई मागच्या बाकावर. शेजारी आणखी एक परीक्षक, टाय लावलेले. मी प्रस्तावना केली, चित्र दाखवलं (हत्ती नव्हता), आणि म्हटलं, "चला, म्हणूया."

"उंच उंच त्या डोंगरावरती एकटे..."

आणि थांबली, काका! सगळीच्या सगळी. तीच शांतता. पोरांच्या तोंडावर भीती, कारण चुकलं हे त्यांनाही कळलं होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं तर तोंडावर हात ठेवला. मागे बाईंची पेन्सिल वहीवर चाललेली. क्षणभर वाटलं, ओरडावं, "सांगितलं होतं ना!" बसमध्ये असते तर ओरडले असते.

आणि माझ्याच तोंडून निघालं, "थांबलात ते थांबलात. आता सांगा, का थांबलात?"

मग तीच मुलगी, तोंडावरचा हात काढून. "बाई, ते झाड एकटं आहे ना. त्याच्या शेजारी कुणी नाही. म्हणून आम्ही पण थोडा वेळ कुणीच बोलत नाही."

मागून एक ओरडला, "आम्ही त्याला सोबत करतो!" दुसरा त्याला म्हणाला, "ए, सोबत केली तर एकटं कसं राहील?" आणि वर्गात असलं भांडण जुंपलं, की झाडाला बरं वाटतं का वाईट, ते एकटं का उभं आहे, त्याला डोंगरावर कुणी लावलं. मी नुसती एकाकडून दुसऱ्याकडे खडू फिरवत होते. ज्याच्या हातात खडू त्यानं बोलायचं. तास संपला तेव्हा माझ्या पाठाच्या आराखड्यातलं निम्मं राहून गेलं होतं. फळ्यावर फक्त एक ओळ.

टायवाले घड्याळ बघत निघून गेले. निरीक्षक बाई जाता जाता दारात म्हणाल्या, "ही चाल तुम्ही बसवलीत?" म्हटलं, "नाही. माझ्या काकांची." त्यांनी वही मिटली आणि गेल्या. चेहऱ्यावरून काही कळलं तर शपथ.

तेव्हा निकालाचं मला काही ठाऊक नाही. पण घरी परत जाताना बसमध्ये उभी होते, कंडक्टर तिकिटं फाडत होता, आणि मी त्याच्या तिकिटं टोचायच्या चिमट्याचा आवाज ऐकत होते. मला त्याचा कंटाळा आला नाही, राग आला नाही. फक्त तो आवाज माझा राहिला नव्हता. तुम्ही म्हणालात तसं स्वतःला विचारलं. शीळ मला वर्गात घालावीशी वाटत होती.

घरी आले आणि आईला म्हटलं, "मी राजीनामा देतेय. पास झाले नाही तर पुन्हा बसेन. बाबांची जागा मला मोलाची आहे, पण माझी नाही." ती भांडी घासत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "एकटी जाणार?"

म्हटलं, "हो."

"कशाला एकटी? मी काय मेलेय?"

आणि काका, एकतीस मार्चला ती माझ्याबरोबर आगारात आली. ठेवणीतले कपडे घालून. साहेबांसमोर मी राजीनामा ठेवला. साहेब म्हणाले, "ताई, विचार केलात ना? बाहेर लोक या जागेसाठी रांगा लावतात." मी बोलायच्या आत आई म्हणाली, "साहेब, माझ्या मालकांची जागा आहे ती. आम्ही ती विकत नाही, टाकून देत नाही. आमची पोरगी शिक्षिका झालीये, म्हणून रिकामी करतोय. नीट माणूस बसवा."

झालेली नाही अजून, असं मी हळूच म्हटलं. ती म्हणाली, "तू गप्प बस."

बाहेर आलो तर तिनं आगाराच्या आवारात उभ्या असलेल्या एका जुन्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, गरम आहे का बघतात तसा. मग म्हणाली, "चल. छोटी शाळेतून यायची झाली."

आता उद्यापासून शिकवण्या घेते. गल्लीतल्या मुलांच्या, ओट्यावर. तीन मुलं जमलीयेत. एक फी देतो, एक देत नाही, एकाची आई म्हणाली, बघू.

तुमची,
ठकी (आता पक्की बिनपगारी)


१० एप्रिल

प्रिय ठकी,

तुझं पत्र मधे न थांबता वाचलं. मग पहिल्यापासून वाचलं. मग खिडकीत बसलो आणि खाली सायकलवाला चाक फिरवून आरे सरळ करत होता ते बघत राहिलो. वर बघून म्हणाला, "काय गुरुजी, निकाल लागला काय?" मी म्हटलं, "लागला." तो म्हणाला, "पास?" म्हटलं, "ते मे महिन्यात कळेल."

तो काहीच समजला नाही. समजावूनही सांगितलं नाही मी. माझ्यापुरतं जे लागायचं ते लागलं आहे.

तुझी आई आगारात जे बोलली ते मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर आतून लावलं आहे. माझ्या भावाची बायको! लग्नात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आम्हाला वाटायचं मुकी आहे. मागच्या बाकावरचे असेच असतात, म्हटलं नव्हतं मी? आणि त्या पोरीचं उत्तर, झाड एकटं आहे म्हणून आम्हीही कुणी बोलत नाही. ठकी, मी आयुष्यभर त्या जागी हात वर केला तो पलीकडचा गोंगाट जाऊ दे म्हणून. त्यात झाडाचा काही संबंध नव्हता. ते त्या पोरांनी आपलं आपण त्यात घातलं. आपण नुसती रिकामी जागा ठेवून जातो आणि मुलं तिथे काय काय आणून मांडतात! मला तर माझ्याच चालीचा अर्थ आज एका दहा वर्षांच्या मुलीनं शिकवला, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटतो आहे की छाती भरून खोकलाच येतो.

हे सगळं खरं, पण काही दिवस अवघड जातील. वायरमनच्या हाताला जप. शिकवणीची फी मागायला लाजू नकोस. मी लाजायचो, त्याची किंमत शिवणयंत्रानं भरली. जो देत नाही त्यालाही बसव, पण जो देऊ शकतो त्याच्याकडून घे. एवढी एकच गोष्ट मी शिक्षकी पेशात उशिरा शिकलो, ती तू लवकर शीक. आणि छोटीला या महिन्यात खरे बूट

थांब. जिन्यावर कुणी तरी चढतंय. दूधवाला नसावा, तो दोन दोन पायऱ्या चढतो. हे कुणी तरी दमादमानं, पण न थांबता येतंय.

ठकी, दार उघडून पुन्हा लिहायला बसलो आहे, कारण पाहुण्याच म्हणाल्या, "तुमचं चाललंय ते आधी पुरं करा, मी बसते." त्या समोर खुर्चीवर बसून पाणी पीत आहेत. उंच, ताठ. हातात छत्री, खांद्याला जड पिशवी. दारात म्हणाल्या, "गुरुजी आपणच ना? अर्जावर ओळख देणारी व्यक्ती म्हणून आपलं नाव आणि पत्ता होता. मी आपल्या पुतणीची निरीक्षक."

पहिलं काय बोललो असेन? "बाई, चूक माझी आहे, तिची नाही!"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चुकीबद्दल नंतर बोलू. पुढच्या वर्षी माझ्याकडे शिकाऊ शिक्षकांची नवी तुकडी येतेय. आठवड्यातून एक दिवस त्यांना कविता शिकवायची कशी, हे शिकवायला याल का? मानधन मिळणार नाही. मंजूर होत नाही. बसभाडं मी माझं देईन."

बिनपगारी! या वयात! मी म्हटलं, "येईन. पण आधी एक सांगा, पोरगी..."

"निकाल मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "नियमात बसत नाही." मग छत्री भिंतीला टेकवून ठेवली, रुमालानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण नापास झालेल्या बाईच्या काकांकडे मी दोन बस बदलून येत नाही."